मातीचा द्रोण आणि पडद्यावरची बाई

एकलव्याच्या कथेचा विचार आपण बहुतेक वेळा अंगठ्यापासून सुरू करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अंगठ्याच्या आधी त्या कथेत आणखी एक गोष्ट घडते. गुरूने नाकारलेला निषादाचा पोरगा रानात जातो, स्वतःच्या हाताने मातीचा द्रोण घडवतो आणि त्याच्यासमोर उभा राहून विद्या शिकतो. आजच्या तंत्राच्या भाषेत बोलायचे तर तो आभासी शिक्षक होता. देहाने हजर नाही, प्रतिमेने हजर आहे. तो घडवला शिष्याने. त्याला हवा तसा, त्याला परवडणाऱ्या सामग्रीतून.

आज असे शिक्षक मुलांनी घडवलेले नसतात. ते कंपन्या घडवतात. मोबाइलवर, टीव्हीवर, शाळेला देणगी मिळालेल्या पडद्यावर एक रेखाटलेली बाई किंवा एखादा बोलका प्राणी येतो आणि बेरीज, पाऊस, पचनसंस्था शिकवतो. ही आकृती कशी घडवतात, तिच्यातले काय मुलांना उपयोगी पडते आणि काय नुसती सजावट असते, हे आपल्या शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. मी एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या वर्गात बसलेल्यांपैकी अनेक जण तसेच. हे विद्यार्थी आता पाठ टाचणाबरोबर चित्रफितीही तयार करतात, म्हणून हा विषय माझ्या दारात आला.

या शिक्षकांची जाहिरात करणारे एक मुद्दा हमखास मांडतात. पडद्यावरच्या शिक्षकाला जात नसते, तो भेदभाव करत नाही, थकत नाही, रागावत नाही. हा मुद्दा आपल्याला भुरळ घालील असाच आहे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे, त्यांना न विटाळणारा शिक्षक कोणाला नको असेल? परंतु मातीला जात नसली तरी मातीच्या पुतळ्याला चेहरा द्रोणाचाच होता, हे विसरून चालणार नाही.

आधी हे शास्त्र काय सांगते ते पाहू.

पडद्यावरून लहान मुलांना शिकवण्याचा पहिला मोठा आणि मोजूनमापून केलेला प्रयोग म्हणजे अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’. १० नोव्हेंबर १९६९ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला, तोही शहरांतील गरीब मुले, विशेषतः काळी मुले, शाळेत पाऊल ठेवण्याआधीच मागे पडतात ही दरी कमी व्हावी म्हणून. चेस्टर पियर्स हे काळे मनोविकारतज्ज्ञ त्याच्या सल्लागारांत होते. या मंडळींनी तज्ज्ञांच्या मतांवर विसंबून न राहता मुलांचे डोळे पाहिले. एडवर्ड पामर यांनी टीव्हीच्या बाजूला दुसरा पडदा ठेवून त्यावर दर साडेसात सेकंदांनी वेगळे चित्र दाखवले आणि मुलाची नजर कार्यक्रमावरून केव्हा ढळते याची नोंद केली. जेथे नजर ढळली तो भाग पुन्हा केला. आपल्याकडे आजही चित्रफीत तयार झाली की अधिकाऱ्याला दाखवतात, मुलाला नाही.

त्याच काळातील एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. जेम्स अर्ल जोन्स या काळ्या नटाने कॅमेऱ्याकडे पाहत इंग्रजी मुळाक्षरे म्हटली. प्रत्येक अक्षराआधी तो लांबलचक थांबे, आणि अक्षर त्याच्या तोंडून येण्याआधी पडद्यावर दिसे. पहिल्या वेळी मुले त्याच्यामागून म्हणत. पुढे त्याच्याबरोबर म्हणू लागली. आणखी काही वेळा पाहिल्यावर मुले त्याच्या आधीच अक्षर ओरडून मोकळी होत. नट काहीच करत नव्हता. तो थांबत होता! पडद्यावरच्या शिक्षकाचे पहिले कौशल्य बोलण्याचे नाही, गप्प राहण्याचे आहे. १९९६ साली सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमाने याच विरामावर सगळी मांडणी उभी केली आणि एकच भाग आठवड्याचे पाच दिवस दाखवला. आमच्या विद्यार्थ्यांनी चौथीसाठी बाष्पीभवनावर केलेल्या चित्रफितीच्या पहिल्या खर्ड्यात बाई प्रश्न विचारून दोन सेकंद थांबत होती. वस्तीवरच्या शाळेत ती दाखवली तेव्हा मुलांनी तोंड उघडेपर्यंत बाईने उत्तर देऊन टाकलेले असे. ज्या मुलाला उत्तर देण्याची सवयच लागू दिलेली नाही, त्याला तोंड उघडायला वेळ लागतो. आता विराम सहा सेकंदांचा केला आहे.

पुढे संगणक आला. १९९७ च्या सुमारास उत्तर कॅरोलिनातील विद्यापीठात जेम्स लेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्मन नावाचा एक किडा तयार केला. वेगवेगळ्या हवामानात कोणते रोप टिकेल, हे तो मुलांकडून रोप जुळवून घेत शिकवी. मुलांना तो आवडला. पण आवडणे आणि शिकणे या दोन गोष्टी आहेत. रोक्साना मोरेनो, रिचर्ड मेयर आणि लेस्टर यांनी २००१ साली या किड्याची उलटतपासणी केली. किड्याचे चित्र पडद्यावरून काढून टाकले आणि आवाज तसाच ठेवला, तरी विद्यार्थी जवळजवळ तेवढेच शिकले. उलट आवाज काढून तेच शब्द लिहून दाखवले तेव्हा शिकणे घटले. म्हणजे किड्याच्या रंगरूपाने फारसे काही साधले नव्हते; साधले ते बोलण्याने. एकलव्याच्या मातीच्या मूर्तीनेही बाण सोडून दाखवला नव्हता.

मग आकृती काढूच नये काय? तसेही नाही. मेयर आणि स्कॉट डाप्रा यांनी २०१२ मध्ये दाखवले की आकृती नुसती उभी असेल तर उपयोग नाही. ती हाताने दाखवते, नजर वळवते, माणसासारखी हलते, तेव्हा शिकलेले नव्या ठिकाणी वापरण्याची कुवत वाढते. मात्र तो आवाज माणसाचा हवा. त्यांनी यंत्राचा आवाज लावला तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. चेहऱ्याचा मोह किती असतो हेही मोजले गेले आहे. इंटरनेटवरील अभ्यासक्रमाच्या चित्रफितीत शिक्षकाचा चेहरा कोपऱ्यात दाखवला तेव्हा प्रौढ विद्यार्थीदेखील सुमारे ४१ टक्के वेळ त्या चेहऱ्याकडेच पाहत होते, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. डोळे एकाच वेळी दोन जागी नसतात. म्हणून बाईने आकृतीतल्या वाफेकडे पाहावे, वाफेकडे बोट करावे आणि मुलाची नजर तिकडे गेली की स्वतः स्थिर व्हावे. पापण्या मिचकावणारी, केस उडवणारी, दर वाक्याला टाळ्या वाजवणारी बाई मुलाचे लक्ष खाते. आमच्या मुलामुलींना हे पटवायला मला वेळ लागला, कारण सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्या हालचाली फुकट मिळतात.

आता चेहऱ्याकडे वळू. चित्राने शिकणे फारसे वाढत नसेल तर ते कोणाचे आहे याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. मला हे म्हणणे मान्य नाही. बेरजेच्या पाठात मूल बेरीज शिकतेच, पण शिकवणारे माणूस कसे दिसते हेही ते शिकते, आणि याची परीक्षा कोणी घेत नाही. प्रस्थापितांना मात्र हे चांगले ठाऊक असते. ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये गॉर्डन आणि सुझन हे काळे जोडपे गल्लीतले कर्ते माणूस म्हणून दिसले, काळी-गोरी मुले एकत्र खेळली, तेव्हा १९७० च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी मंडळाने तो कार्यक्रम दाखवायचा नाही असे ठरवले. ओरड झाल्यावर काही आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला. अक्षरे आणि अंक शिकवणाऱ्या कार्यक्रमाची एवढी भीती का वाटावी? भीती अक्षरांची नव्हती.

याच कार्यक्रमातले दुसरे उदाहरण आपल्याला अधिक अडचणीचे आहे. गॉर्डनची भूमिका करणाऱ्या मॅट रॉबिन्सन यांनी रूझवेल्ट फ्रँकलिन नावाचे एक बाहुले निर्माण केले. रंगाने जांभळे, पण बोलण्या-वागण्याने स्पष्टपणे काळ्या वस्तीतले. मुले त्याच्यावर खूश होती. काही काळ्या पालकांना आणि तज्ज्ञांना मात्र ते बाहुले काळ्या मुलांची ठोकळेबाज प्रतिमा पक्की करते असे वाटले, आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यास ते पडद्यावरून गेले. आपली भाषा पडद्यावर हवी, पण ती विनोदाच्या खात्यावर जमा होता कामा नये, हा पेच तेव्हापासून आहे. मराठी नाटक-सिनेमाने गावाकडची बोली कोणाच्या तोंडी घातली ते आठवले तर तो पेच आपला किती आहे हे समजेल. गडी, हवालदार, मोलकरीण. शास्त्रज्ञ कधी नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी वापरलेल्या सॉफ्टवेअरात तयार पात्रांची एक पेटी होती. तीत शिक्षिका म्हणून जी आकृती होती ती गोरी, सडपातळ, मोकळ्या केसांची. सावळ्या आकृती शोधल्या तर त्या ‘शेतकरी’ आणि ‘कामगार’ या कप्प्यांत सापडल्या. आकृतीचा रंग बदलायची सोय होती. एका विद्यार्थ्याने तोच चेहरा बुडवून काढल्यासारखा सावळा केला. नाक-डोळे, उभे राहणे, साडी, सगळे तेच! वर्गात त्यावर पुष्कळ वाद झाला. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही आपली बाई नाही, ही त्यांचीच बाई उन्हात फिरून आलीय.” मला हे वाक्य कुठल्याही समीक्षेपेक्षा नेमके वाटले.

याचे उत्तर रंगाच्या डबीत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत अशी मागणी केली होती. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल, त्याला नांगराचा किंवा सुताराच्या तासणीचा दांडा धरण्याची लाज वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही मागणी चेहऱ्याची नव्हती, हातांची होती. तो निकष पडद्यावरच्या बाईला लावून पाहिला तर तिच्या हातात काय द्यायचे हा प्रश्न आधी येतो. बाष्पीभवन दाखवायला आमच्या पहिल्या खर्ड्यात ओट्यावरचा नळ आणि काचेचा पेला होता. ज्या शाळेत ती दाखवायची तिथे टँकर येतो. दुसऱ्या खर्ड्यात बाईने ओले पटकूर दोरीवर टाकले, माठाच्या बाहेरून ओलावा दाखवला. मुले एकदम बोलू लागली, कारण माठातले पाणी का कमी होते हे त्यांनी आईला विचारून झालेले होते.

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते.

मोरेनो आणि मेयर यांनी २००० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. तोच धडा तटस्थ पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा ‘तू’, ‘तुझे’ असे थेट बोलून सांगितला तर शिकणाऱ्याला तो अधिक समजतो. इंग्रजीत हे सोपे आहे, त्यांच्याकडे एकच ‘यू’. मराठीत काय करायचे? ‘तू’ म्हटले की जवळीकही होते आणि पायरीही दाखवली जाते. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला गावातले शेंबडे पोरही ‘अरे’ म्हणत असे, ही फार जुनी गोष्ट नाही. त्यामुळे पडद्यावरची बाई मुलाला ‘तू’ म्हणाली तर चालेल, पण गोष्टीतल्या सफाई कामगाराला किंवा भाजीवालीला तिने ‘तो’ आणि ‘ती’ म्हणू नये, ‘ते’ आणि ‘त्या’ म्हणावे, असा नियम आम्ही केला. डॉक्टर आले, इंजिनिअर आले आणि झाडूवाला आला, हे व्याकरण नाही, ही वर्णव्यवस्था आहे.

आता बोलीविषयी. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात समंथा फिंकेलस्टाइन, जस्टीन कॅसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिसरीतली मुले, सर्व काळ्या अमेरिकनांची बोली बोलणारी. त्यांना संगणकावर एक सवंगडी दिला आणि त्याच्याबरोबर विज्ञानाचे काम करायला सांगितले. हा सवंगडी वेगवेगळ्या गटांशी तीन वेगवेगळ्या प्रकारे बोलला. जिथे तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलांच्याच बोलीत बोलला, तिथे मुलांची विज्ञानातली कामगिरी सर्वांत चांगली झाली. मेयर यांचा २००३ चा एक अभ्यास याच्या शेजारी ठेवला पाहिजे. त्यात अमेरिकन विद्यार्थी परक्या, रशियन धाटणीच्या उच्चारापेक्षा ओळखीच्या उच्चारातून अधिक शिकले. त्यावरून काही जण ‘प्रमाण उच्चार हवा’ असा अर्थ काढतात. माझ्या मते दोन्ही अभ्यास एकच गोष्ट सांगतात. कानाला जे परके वाटते ते उलगडण्यात डोके खर्ची पडते, आणि तेवढे डोके मग विषयाला उरत नाही. पुण्यातल्या एखाद्या मुलाला जे प्रमाण, ते मराठवाड्यातल्या वस्तीवर रशियनच असते.

मी तिसरीत असताना ‘पानी’ म्हटले म्हणून मला उभे करून ‘पाणी’ हा शब्द वर्गासमोर म्हणायला लावला होता. पाठ पाण्याच्या तीन अवस्थांचा होता. तीन अवस्था मला पुढच्या वर्षी कळल्या. विज्ञान शिकवताना भाषा दुरुस्त करू नये, एवढे साधे तत्त्व आहे. प्रमाण मराठी आणि इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, त्याबद्दल माझी तडजोड नाही. बोलीच्या गौरवाच्या नावाखाली त्यांना सत्तेच्या भाषेपासून दूर ठेवण्याचा डाव मी ओळखून आहे. पण त्यासाठी भाषेचा तास आहे. बाष्पीभवनाच्या तासाला मूल ‘पानी वर गेलं’ म्हणाले तर उत्तर बरोबर आहे.

हे मी विनाकारण ताणत नाही. आता येणारे शिक्षक केवळ बोलत नाहीत, ऐकतातही. मूल बोलते, यंत्र त्याचे शब्द ओळखते आणि बरोबर की चूक ते सांगते. अमेरिकेतील पाच मोठ्या कंपन्यांच्या अशा यंत्रणा २०२० मध्ये तपासल्या गेल्या. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या बाबतीत शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका, काळ्यांच्या बाबतीत सुमारे ३५. यंत्र द्वेष करत नव्हते. त्याने ज्यांचे आवाज ऐकून शिक्षण घेतले त्यांत हे आवाज पुरेसे नव्हते, एवढेच. वर्गाबाहेर बसवण्याचा हा नवा प्रकार आहे आणि यात कोणी कोणाला बाहेर बस असे म्हणतही नाही.

लहानग्यांच्या बाबतीत ओळखीचे मोल आणखी स्पष्ट दिसते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठात सँड्रा कॅल्व्हर्ट यांच्या गटाने एकवीस महिन्यांच्या मुलांना एकात एक पेले बसवण्याचे काम चित्रफितीतून शिकवले. घराघरात माहीत असलेल्या एल्मोने शिकवले तेव्हा मुले शिकली. तैवानमधील डोडो नावाच्या अनोळखी पात्राने तेच शिकवले तेव्हा तितकी शिकली नाहीत. पुढच्या अभ्यासात त्यांनी डोडोचे खेळणे काही महिने मुलांच्या घरी खेळायला दिले, त्याला भरवायला, झोपवायला. मग त्याच्याकडूनही मुले शिकू लागली. म्हणजे ओळख ही जन्मजात गोष्ट नाही, ती करून देता येते. अंगणवाडीत बाईचे कापडी बाहुले शिवून ठेवावे असे मला यावरून सुचते, खर्च चिंध्यांचा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम एका संध्याकाळचे झाले आहे. ओडिशातील एका वाहिनीने २०२३ मध्ये लिसा नावाची कृत्रिम निवेदिका आणली, २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत आयरिस नावाची साडी नेसलेली यंत्रशिक्षिका आली. दोन्हींना बाईचेच रूप दिले, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. न थकणारी, न रागावणारी, पगार न मागणारी बाई हे फार जुने स्वप्न आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून पडदे वाटले जाऊ लागले तर त्याला सुधारणा म्हणायचे नाही. पुण्याची बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी सार्वजनिक संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद केली गेली. तीनच वर्षांनी करोना आला आणि शाळांना कुलपे लागली.

आणि अंगठा? तो आहेच. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतील सरकारांनी करोनाकाळात मान्य केलेली शैक्षणिक अॅप आणि संकेतस्थळे तपासली. दहापैकी जवळपास नऊ साधने मुलांची माहिती अशा रीतीने गोळा करत किंवा करू शकत होती की मुलांच्या हक्कांना धोका पोचावा. मूल कोठे राहते, काय पाहते, कोठे अडते. ऐकणारी बाई आली की त्यात आवाजाची भर पडेल. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. परंतु ती संमती मोबाइलवर इंग्रजीत लिहिलेल्या पानाखालच्या एका चौकोनात असते, आणि आपले कितीतरी पालक आजही सहीच्या जागी अंगठा देतात. शाळेने ते पान मराठीत वाचून दाखवावे, न पटल्यास नाही म्हणता येते हे सांगावे, असा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीतील आपल्या लोकांना धरता येईल. समितीत आपली माणसे असतात. बैठकीत त्यांच्यासमोर हे कागद येत नाहीत.

आमच्या चित्रफितीचा तिसरा खर्डा सध्या चालू आहे. तयार पात्रांची पेटी बंद करून विद्यार्थ्यांनी बाई स्वतः काढली आहे. ओचा खोचलेली, चष्मा लावलेली, दंडाला पीठ लागलेली. चष्म्यावरून अजून वाद आहे. आवाजासाठी वस्तीतल्याच दहावीच्या एका मुलीला विचारले आहे. बोर्डाची परीक्षा संपली की ती येणार आहे.